अक्षर चोरून शिकलेल्या बायका

"काकू, ह्या बाया सगळं नवऱ्याचंच काहून सांगून राहिल्या?"

हा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचा. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरी आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एकदा दुपारी जमतो आणि बायकांची आत्मचरित्रं मोठ्यानं वाचतो. त्या दिवशी रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हाती होतं. प्रश्न मला लागला, कारण तो खरा होता. उत्तर द्यायचं तर फार मागे जावं लागतं.

मराठीत बाईनं स्वतःबद्दल सांगायला सुरुवात केली ती अभंगातून. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपलं लग्न, नवऱ्याचा जाच, तुकोबांची ओढ हे सगळं आत्मनिवेदनात मांडलं. पण ते देवापुढचं बोलणं होतं. चारचौघांनी विकत घेऊन वाचावं असं पुस्तक यायला विसावं शतक उजाडलं.

रमाबाईंचं पुस्तक १९१० चं. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, आणि या आठवणी प्रामुख्यानं त्यांच्याच आहेत. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. थोर माणसाच्या पत्नीनं थोर माणसाबद्दल लिहावं, इतकीच मुभा तेव्हा होती. तरीही या पुस्तकात मला रानड्यांपेक्षा जास्त दिसते ती अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी. नवरा तिला शिकवतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याच शिकण्यावरून तिला दिवसभर टोचून बोलतात. एकाच घरात अक्षर देणारा आणि अक्षराचा सूड घेणाऱ्या. ते सगळं सोसून तिनं पाटी सोडली नाही. धैर्य म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. या पुस्तकांमध्ये ते बहुतेक वेळा पाटीपाशी भेटतं.

पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. त्या विधवा होत्या, त्यामुळे आडोसा धरायला नवरा नव्हता. पुण्याजवळ हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या आश्रमात त्या शिकल्या, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, केशवपन थांबवलं, आणि वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून राहिल्या. हे पुस्तक फार कमी वाचलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

मग लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं आली. शेवटचा भाग पुरा होण्याआधीच, १९३६ मध्ये, त्या गेल्या. निमित्त पुन्हा नवऱ्याचंच: मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहीत होता, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितलं. आईनं लिहिलं तेव्हा पान तिच्याच मालकीचं झालं. सोवळ्याच्या वेडानं घर जेरीस आणणारे वडील, लहरी कवी नवरा, रोजची ओढाताण, हे सगळं ती कुठेही गळा न काढता सांगते.

नागपूरकरांनी हे पुस्तक तर आपलं म्हणूनच वाचावं. नारायण वामन टिळक काही काळ इथे होते. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांचं संस्कृत ग्रंथांचं काम चाले, 'ऋषी' हे मासिकही त्याच काळातलं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत त्यांना एक मिशनरी भेटला, त्यानं बायबल हाती दिलं. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका प्रवासाचा भार पुढे लक्ष्मीबाईंनी वाहिला. मुलाला घेऊन त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. जातिभेद माणसानं केला, देवानं नाही, हे त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून मानलं नाही. ते त्यांना स्वतः विचार करता करता उमगलं, आणि मगच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरच्या साऱ्या जणी ब्राह्मण घरांतल्या. दुसऱ्या बाजूला याच नागपुरात काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. जाईबाई चौधरी या एके काळी हमाली केलेल्या बाईंनी १९२२ मध्ये इथे मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. त्याआधी त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली होती, पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे सवर्ण पालकांना सोसलं नाही आणि ती गेली. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. काडीमोडाचा हक्क हवा, पुरुषाला एकापेक्षा अधिक बायका करता येऊ नयेत, असे ठराव झाले. समाज किती पुढे गेला हे आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं डॉ. आंबेडकर तिथे म्हणाले.

त्या मांडवातल्या बहुतेकींनी कधी पुस्तक लिहिलं नाही. त्या पिढीचं सांगणं वाचायला मिळतं ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कार्यकर्त्या बायकांना गाठून, बोलतं करून सिद्ध केलेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात.

दलित बायकांच्या स्वतःच्या हाती लेखणी आली ती १९८० च्या दशकात, आणि मग एकामागून एक पुस्तकं आली. शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ही दोन्ही १९८६ ची. फलटणच्या बेबीताई किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद आधी वाचायच्या, मग त्यात माल बांधायच्या. स्वतःचं लिहिणं त्यांनी वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. रमाबाईंना सासरच्या बायकांची भीती होती. इथे भीती नवऱ्याची आणि मुलाची होती. जात बदलली, काळ बदलला, लपवणं मात्र राहिलं. आणखी एक फरक आहे: बेबीताईंच्या पुस्तकात 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. नावातच 'आमुचं' आहे.

'समिधा' आमच्या गटात दोनदा वाचून झालं. साधनाताई आमटे नागपूरच्याच घुले घराण्यातल्या इंदू. १९४६ मध्ये बाबांशी लग्न झालं आणि पुढे वरोऱ्याजवळच्या माळरानावर, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये यांवर आनंदवन उभं राहिलं. पुस्तकाचं नाव त्यांनी ठेवलं समिधा, म्हणजे यज्ञात घालायचं लाकूड. आमच्यातल्या दोघींचं त्या नावावरून भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

पण त्या मुलीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक कुमुद पावडे यांचं. 'अंतःस्फोट', १९८१. लेखिका नागपूरची. दलित मुलीनं संस्कृत शिकायचं ठरवलं, तेव्हा घरच्या माणसांपासून परक्यांपर्यंत सगळ्यांना नवल वाटलं. शाळेत गोखले गुरुजी भेटले. जुन्या वळणाचे म्हणून ती त्यांना बिचकत होती, पण त्यांनी तिला मायेनं शिकवलं. एम.ए. उत्तम गुणांनी झालं. नोकरी मात्र मिळेना. मुलाखतीला जायचं, आडनाव सोमकुवर ऐकलं की समोरच्यांचे चेहरे बदलायचे. पुढे त्यांनी मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं, आडनाव सवर्ण झालं, आणि सरकारी महाविद्यालयात संस्कृतची प्राध्यापकी मिळाली. बाई स्वतःच लिहितात की ही नोकरी कुमुद सोमकुवरला मिळालेली नाही, कुमुद पावडेला मिळाली. विद्या तिची, कष्ट तिचे, आणि दार उघडलं ते नवऱ्याच्या जातीनं.

हे मी त्या दुपारी सांगत होते तेव्हा कूलरचं पाणी संपून तो नुसता घरघरत होता आणि कुणी उठत नव्हतं. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली.

"मंग काकू, पुस्तकावर त्यांनी आडनाव कोणतं लावलं?"

मी पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ तिच्यासमोर धरलं. कुमुद पावडे.