लस-सुरक्षिततेविषयीचा संवाद

लसीचा फायदा, टोचल्यावर होणारा नेहमीचा त्रास आणि क्वचित उद्भवणारा धोका यांबद्दल आरोग्यसेवकांनी पालकांशी व समाजाशी करावयाचे बोलणे. औषध आजारी माणूस घेतो; लस धडधाकट बाळाला टोचतात. त्यामुळे नंतर आलेला साधा तापही घरच्यांना लसीनेच आणलेला वाटतो, आणि पुष्कळदा तो तसा असतोही.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात सिस्टरने प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायच्या असतात : कोणती लस दिली व ती कशापासून वाचवते, पुढचा डोस कधी, काय त्रास होईल व झाल्यास काय करावे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणावे. शिवाय बाळाला घेऊन अर्धा तास तिथेच थांबायचे. गर्दीत तिसरी गोष्ट हमखास राहून जाते, आणि खरे काम तिचेच. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, फुटतो आणि वण राहतो. आधी सांगितलेले असले तर आई निर्धास्त; नसले तर ‘सुई पिकली’ म्हणून धावाधाव. दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलंटनंतर (पाच रोगांवरची एकत्रित लस) मांडी सुजून बाळ रात्रभर किरकिरले, की अडीच महिन्यांच्या डोसाला आशाताईंना दारातच उत्तर मिळते : ‘बाळ मामाकडे गेलंय.’ अशा घरी ‘लस सुरक्षित आहे’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ताप येणार होता हे आधी का सांगितले नाही, असा त्यांचा सवाल असतो.

लसीनंतर घडलेले सगळे लसीमुळे घडलेले नसते. कारण लस, तिचा दर्जा, देण्यातली चूक, सुईची भीती की निव्वळ योगायोग, हे तपासावे लागते. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. मुंबईतील प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून हाफकिन दूर झाले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, तोवर बदनामी होऊन गेली होती. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. तिथे लसीचा दोष नव्हता, आणि प्रशासनाने चूक उघड मान्य करून कारवाई केली.

गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २०१७ मध्ये गोव्यासह काही राज्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात आली. लस शाळेत दिली जाई, म्हणजे पालक समोर नसत. तेवढ्या जागेत व्हॉट्सॲपवरच्या अफवा शिरल्या. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय शाळेत ही लस देण्यास मनाई केली.