अंगठ्याआड गेलेला दिवा

माझा मावसभाऊ कामासाठी आठवड्यातून दोनदा कोल्हापूर-रत्नागिरी करतो. परतताना आंबा घाट बहुतेक वेळा अंधारातच लागतो. गेल्या महिन्यात त्याने पिवळ्या काचांचा एक चष्मा दाखवला. 'रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी खास' म्हणून विकतात तो. "आता समोरच्याने कितीही अप्पर मारू दे, डोळ्यांवर येत नाही," म्हणाला. दुसरी तक्रार मात्र कायम होती: स्वतः लो बीमवर असूनही समोरचे त्यालाच डिपर देतात.

मी त्याला गच्चीवर नेलं. दूरवर एक रस्त्यावरचा दिवा होता. त्याच्याभोवती बारीक किरण आणि धूसर वलय दिसत होतं. "आता एक डोळा मिट, हात लांब कर आणि अंगठ्याने फक्त दिवा झाक," मी सांगितलं. दिवा झाकला आणि त्यासोबत ते वलयही गेलं. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ काळं आकाश. वलय दिव्याभोवतीच्या हवेत असतं, तर ते अंगठ्याच्या कडेने दिसत राहायला हवं होतं. धुक्याच्या रात्री हाच प्रयोग केला तर ते तसं दिसतंही. स्वच्छ हवेत मात्र ते आपल्या डोळ्यातच तयार होतं. प्रकाश डोळ्यात शिरला नाही, की वलयही नाही. रात्री समोरच्या गाडीने डोळे दिपतात त्याचं मूळ या वलयात आहे.

शाळेत डोळ्याची आकृती काढताना आपण पारपटल (डोळ्याचं सर्वांत पुढचं आवरण) आणि भिंग ही काचेसारखी पारदर्शक दाखवतो. खरं तर ती पारदर्शक असतात हेच नवल आहे. पारपटल बनलंय कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं, आणि कोलॅजन डोळ्याच्या पांढऱ्या भागातही असतं, कातडीतही. तिथून आरपार दिसत नाही. प्रत्येक तंतू प्रकाश विखुरतो, म्हणजे भौतिकशास्त्राच्या भाषेत प्रकाशाचं विकिरण करतो. मग पारपटलातून कसं दिसतं? डोळ्याचे अभ्यासक डेव्हिड मॉरिस यांनी 1957 साली याचं उत्तर मांडलं. पारपटलातले तंतू जेमतेम 30 नॅनोमीटर जाडीचे आहेत, आणि प्रकाशाची तरंगलांबी साधारण 500 नॅनोमीटर. हे तंतू एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर रचलेले आहेत. एका तंतूने बाजूला फेकलेली लहर आणि शेजारच्या तंतूची लहर एकमेकींना मारतात, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो. सरळ पुढे जाणाऱ्या लहरी तेवढ्या एकमेकींना साथ देतात. पुढे या चित्रात सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला: पारदर्शकता येते ती पदार्थातून नव्हे, रचनेतून. भिंगातही असंच. तिथे तंतूंऐवजी क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं इतकी दाट आणि एकसारखी भरलेली असतात की विखुरलेल्या लहरींची बरीचशी वजाबाकी होऊन जाते.

बरीचशी, पूर्ण नव्हे. रचनेत थोडे दोष राहतात. त्यात दृष्टिपटलावरून मागे फिरणाऱ्या प्रकाशाची भर पडते. निरोगी तरुण डोळ्यातसुद्धा आत आलेला काही प्रकाश आपली वाट सोडतो आणि दृष्टिपटलावर जिथे त्याचं काही काम नाही तिथे पसरतो. दिवसा हे जाणवत नाही. रात्री समोर एकच प्रखर बिंदू आणि बाकी सगळा काळोख असतो, तेव्हा हा भरकटलेला प्रकाश सगळ्या चित्रावर पातळ पडद्यासारखा पसरतो. सिनेमा चालू असताना थिएटरचं दार उघडून आत ऊन यावं, तसं. पडद्यावरचं चित्र तेवढंच असतं, पण फिकटून जातं.

हा पडदा किती दाट, हे मोजता येतं. हॉलडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी 1920 च्या दशकात त्यासाठी एक सूत्र शोधलं, आणि ते इतकं सोपं आहे की इथे देण्याचा मोह आवरत नाही. डोळ्यापर्यंत पोचलेला प्रकाश लक्समध्ये (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) घ्या, त्याला 10 ने गुणा. आपण जिकडे बघतो ती दिशा आणि दिव्याची दिशा यांतल्या कोनाचा वर्ग करा, कोन अंशात. त्या वर्गाने भागा. झाला पडद्याचा उजळपणा, दर चौरस मीटरला इतके कँडेला.

दुपदरी रस्ता घेऊ. समोरची गाडी 50 मीटरवर आहे आणि आपल्या नजरेच्या रेषेपासून साडेतीन मीटर उजवीकडे. कोन 4 अंश. नीट बसवलेल्या लो बीमच्या दोन दिव्यांतून आपल्या डोळ्यांच्या दिशेने साधारण 500 कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रखरतेचं एकक) येतात असं धरा. त्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की लक्स मिळतात. डोळ्यावर 0.2 लक्स पडले, पडदा सुमारे 0.12. तीच गाडी अप्परवर असेल आणि आपल्या दिशेने 30,000 कँडेला येत असतील, तर डोळ्यावर 12 लक्स आणि पडदा 7.5. आता आपल्याच हेडलाइटमध्ये रस्ता दर चौरस मीटरला 1 कँडेलाने उजळलाय आणि गडद कपड्यातला पादचारी 0.5 ने. दोघांत निम्म्याचा फरक आहे, माणूस स्पष्ट दिसतो. लो बीमचा पडदा आला तरी 44 टक्के फरक उरतो. अप्परचा पडदा आला की रस्ता 8.5 आणि माणूस 8, फरक 6 टक्क्यांवर येतो. माणूस आपल्या प्रकाशात उभा आहे, त्याच्यावरून परतलेला प्रकाश आपल्या डोळ्यात येतोही आहे, आणि तरी तो दिसत नाही.

कोकणात उतरणाऱ्या घाटांना पांढऱ्या साडीतल्या बाईच्या गोष्टी चिकटलेल्या असतात. वळणावर दिसली, समोरून ट्रक आला, ट्रक गेल्यावर बघतो तर कुणीच नाही. अशा किती गोष्टींमागे खरीखुरी, रस्त्याच्या कडेने घरी चाललेली बाई असेल, असं मला नेहमी वाटतं. प्रकाशाच्या पडद्याआड माणूस एका क्षणात जातो, आणि पडदा हटेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते. भुताची गोष्ट सांगणाऱ्याने खरं तर एक पादचारी न दिसल्याची कबुली दिलेली असते. म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये आणि तिला नारळही फोडू नये.

त्या सूत्रात आणखी एक गंमत आहे, माझी सर्वांत आवडती. गाडी जवळ येते तसा डोळ्यावरचा प्रकाश अंतराच्या वर्गाने वाढतो. पण जवळ येताना ती नजरेच्या रेषेपासून बाजूला सरकते, म्हणजे कोन वाढतो. कोनाचा वर्गही त्याच प्रमाणात वाढतो. वर तेच, खाली तेच. अंतर सूत्रातून निघून जातं! 150 मीटरवरचा अप्पर आणि 50 मीटरवरचा अप्पर सारखाच पडदा टाकतात. प्रत्यक्षात लांबचा जरा जास्तच, कारण अप्परचा सर्वांत प्रखर भाग नाकासमोर असतो. "जवळ आल्यावर डिप करतो की" म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं. तोवर समोरच्याचा अर्धा किलोमीटर आंधळेपणात गेलेला असू शकतो.

मग उरतं काय, तर दोन गाड्यांमधलं आडवं अंतर. ते दुप्पट झालं की पडदा चौपट विरळ. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावतात ती केवळ शोभेसाठी नव्हे. ती झुडपं समोरचे दिवे अडवतात, म्हणजे गच्चीवरच्या त्या अंगठ्याचंच काम करतात. दुपदरी रस्त्यावर आपल्या हातात कोन असतो. समोरचा अप्परवर असेल तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर न्यावी. कोन 4 वरून सव्वासहा अंशांवर गेला तरी पडदा चाळीस टक्क्यांवर उतरतो.

आता पिवळा चष्मा. तो सगळाच प्रकाश थोडा अडवतो. पडदाही कमी, रस्ताही कमी, माणूसही तेवढाच कमी. 8.5 आणि 8 यांना कोणत्याही एका आकड्याने गुणा, फरक 6 टक्केच राहतो, आणि वर सगळं चित्र आणखी अंधारतं. डोळ्याची बाहुली आकसते तेव्हाही हेच होतं. "एलईडीतला निळा जास्त विखुरतो, पिवळी काच तो गाळते" ही विक्रेत्याची मांडणी आकाश निळं का, या धड्यातून उचललेली आहे. ती अतिसूक्ष्म कणांना लागू पडते. डोळ्यात जास्त उपद्रव मोठ्या कणांचा असतो आणि तिथे रंगाने फारसा फरक पडत नाही. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना जास्त खुपतो हे खरं, आणि पिवळ्या काचेने ते खुपणं कमी वाटतं हेही खरं. पण खुपणं वेगळं आणि न दिसणं वेगळं. 2019 साली 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर, समोर हेडलाइटचा झोत ठेवून केलेला. पिवळ्या काचांनी पादचारी दिसण्यात काहीही सुधारणा झाली नाही. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून वेग तसाच ठेवणारा ड्रायव्हर मला जास्त धोक्याचा वाटतो.

समोरचा प्रकाश कमी आणि आपला तेवढाच, असं करणारा एक उपाय मात्र खरोखर होता. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांना तो सुचला होता. प्रत्येक हेडलाइटवर आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे 45 अंशात तिरकी ध्रुवण करणारी, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारी, फिल्म लावायची. आपला परतलेला प्रकाश आपल्या फिल्मला अनुरूप राहतो. समोरून येणाऱ्या गाडीचा तिरकेपणा मात्र आरशासारखा उलटा होतो, म्हणजे आपल्या फिल्मशी बरोबर काटकोनात, आणि तो अडतो. पण फिल्ममध्ये निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो. शिवाय ही युक्ती रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांनी एकदम स्वीकारावी लागते. मोटारकंपन्यांनी ती घेतली नाही.

वयाचाही भाग मोठा आहे. सूत्राच्या सुधारित रूपात वयासाठी एक गुणक येतो. पस्तिशीत तो जवळजवळ 1, पन्नाशीत सव्वा, सत्तरीत 2. भिंगातली प्रथिनं गोळा होऊन गुठळ्या बनू लागतात, ती सुबक रचना मोडते. मोतीबिंदू होऊ लागला की पडदा कितीतरी पट वाढतो. डॉक्टरांच्या उजेडी खोलीत तक्त्यावरची अक्षरं नीट वाचणाऱ्याला रात्री गाडी चालवणं अवघड जातं ते यामुळे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "रात्री दिव्यांनी काही दिसत नाही" म्हटलं, तर ती भीती समजू नये, मोजमाप समजावं.

दिव्यांच्या बाजूने बोलायचं तर वॉटपेक्षा दिशा महत्त्वाची. जुन्या एच-फोर हॅलोजन बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची चिमुकली वाटी असते. तिच्यामुळे परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली वळून रस्त्यावर जातो. त्याच डब्यात बाजारातला एलईडी बल्ब खोचला की प्रकाशाची जागा आणि आकार बदलतो, परावर्तकाचं गणित चुकतं आणि उजेड वर सांडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत.

मूळ दिवे असले तरी ते खाली झुकलेले असावे लागतात, दर मीटरला साधारण 1 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा अंश. डिकीत वजन भरून मागची बाजू दबली आणि गाडीचं नाक एक अंशाने वर गेलं, की तोच झोत वर चढू लागतो. 75 सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची वरची कड 50 मीटरवर 1 मीटर 12 सेंटिमीटरला पोचते. समोरच्या ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यांवर.

भावाच्या डिकीत कायम पंपांचे ओतीव सुटे भाग असतात. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर त्याची भरलेली गाडी आम्ही कुंपणाच्या भिंतीपासून आठ मीटरवर उभी केली. स्टीअरिंगच्या उजवीकडे, खाली, 0 ते 3 आकड्यांची एक छोटी चकती होती. चार वर्षांत त्याने तिला हात लावलेला नव्हता, ती 0 वरच होती. 2 वर नेली तशी भिंतीवरची उजेडाची कड वितीला थोडी कमी इतकी खाली आली. त्याने ती पुन्हा 0 वर नेली, पुन्हा 2 वर आणली. मग चॉकने भिंतीवर दोन्ही ठिकाणी रेघा मारल्या.