राजाच्या करावरून युद्ध झालं, मग सैन्याचा कर त्याच्या कितीतरी पट कसा झाला? क्रॉमवेलच्या काळाची पार्श्वभूमी

१६५० च्या दशकातलं इंग्लंड म्हटलं की सगळ्यांचं लक्ष राजाचं डोकं उडवलं तिकडे जातं, ते साहजिकच आहे, पण त्या दहा-अकरा वर्षांत जे काय घडलं ते का घडलं हे कळायचं असेल तर माझ्या मते शिपायाच्या पगाराकडे बघायला हवं. पायदळातल्या शिपायाला दिवसाला ८ पेन्स, घोडेस्वाराला २ शिलिंग (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड) आणि त्यातच घोड्याचा दाणावैरण त्याने बघायचा. हा पैसा आणायचा कुठून, या एका प्रश्नापायी पार्लमेंट मोडली गेली, सरन्यायाधीशाने पद सोडलं, अख्ख्या देशावर मेजर-जनरल नेमले गेले आणि शेवटी राजा परत आला.

सुरुवात राजा चार्ल्स पहिल्यापासून करावी लागते. १६२९ पासून ११ वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलीच नाही, आणि पार्लमेंट नाही म्हणजे नवा कर नाही. मग त्याने जुना शिप मनी उकरून काढला. धोक्याच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं नाहीतर जहाजांचा पैसा द्यायचा अशी ती रीत होती, १६३४ मध्ये तो किनाऱ्यावर लावला तोवर लोक कुरकुर करत का होईना पण देत होते, १६३५ मध्ये समुद्र कधी न पाहिलेल्या जिल्ह्यांकडूनही मागायला लागले तेव्हा बोंबाबोंब झाली. जॉन हॅम्पडेनने २० शिलिंग द्यायला नकार दिला. तो श्रीमंत माणूस, २० शिलिंग त्याला काहीच नव्हते, भांडण तत्त्वाचं होतं, की आमच्या प्रतिनिधींची संमती नसताना राजा आमच्या खिशात हात घालूच कसा शकतो. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले आणि ५ विरुद्ध. राजा केस जिंकला पण इतक्या थोडक्यात, की लोकांच्या मनात तो हरलाच, आणि १६४१ मध्ये पार्लमेंटने शिप मनी बेकायदा ठरवून टाकला. चांगल्या वर्षी या करातून साधारण २ लाख पौंड यायचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध सुरू झालं आणि पार्लमेंटलाच सैन्य पोसायची वेळ आली. वर्गण्या, कर्ज, लोकांनी आणून दिलेली चांदीची भांडी यावर थोडे महिने निघाले, पण युद्ध काही संपेना. मग १६४३ मध्ये दोन गोष्टी आल्या ज्या पुढे कधी गेल्याच नाहीत, फेब्रुवारीत असेसमेंट आणि जुलैमध्ये एक्साइज.

असेसमेंट आधी आठवड्याची होती, नंतर महिन्याची झाली. तिची खुबी अशी की सरकार कुणाचं उत्पन्न मोजतच नव्हतं. अमुक जिल्ह्याने महिन्याला इतके पौंड द्यायचे एवढं लंडनमध्ये ठरायचं, मग जिल्ह्यातले कमिशनर ती रक्कम तालुक्यांवर वाटायचे, तिथून ती गावांवर यायची आणि गावात कुणाच्या जमिनीवर किती बसवायचे हे गावातलेच लोक ठरवायचे. म्हणजे एकाने आपला हिस्सा कमी करून घेतला की तो शेजाऱ्याच्या बोडक्यावर. नाही दिला तर गुरंढोरं, भांडीकुंडी जप्त. राजाच्या जुन्या करांमध्ये मोठे लोक आपली मालमत्ता वाट्टेल तेवढी कमी दाखवायचे आणि उत्पन्न दरवेळी घसरायचं, इथे तसं करता येत नव्हतं कारण आकडा आधीच ठरलेला. क्रूर होतं पण चालत होतं.

एक्साइज म्हणजे रोजच्या वापराच्या मालावरचा कर, तो पार्लमेंटमधला पुढारी जॉन पिमने आणला. बिअर, सायडर, वाइन, तंबाखू यांच्यापासून सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी मांस आणि मिठावरही लागला. जमीन असलेल्याला असेसमेंट, पण एक्साइज सगळ्यांना, रोजमजुरी करणाऱ्यालाही, आणि म्हणून सगळ्यात जास्त राग त्याच्यावर निघाला. फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफिल्ड बाजारात दंगल झाली आणि लोकांनी एक्साइजची कचेरी जाळली. त्याच वर्षी मांस आणि मिठावरचा एक्साइज सरकारला मागे घ्यावा लागला, बिअरवरचा मात्र कायम राहिला.

१६४५ मध्ये पार्लमेंटची २२,००० माणसांची न्यू मॉडेल आर्मी उभी राहिली ती याच पैशावर, आणि ती जिंकली सुद्धा. खरी अडचण जिंकल्यानंतर सुरू झाली. १६४७ मध्ये वेगवेगळ्या फौजांची मिळून सुमारे ३० लाख पौंडांची थकबाकी होती, तरी पार्लमेंट म्हणाली की ८ आठवड्यांचा पगार घ्या आणि घरी जा, काहींनी आयर्लंडला जा. ज्यांचे कित्येक महिने थकलेत त्यांना हे कसं पटणार? शिपायांनी आपले प्रतिनिधी निवडले, सैन्य लंडनमध्ये शिरलं, आणि डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडने पार्लमेंटच्या दारात उभं राहून कोण आत जाणार आणि कोण नाही ते ठरवलं. ३० जानेवारी १६४९ ला राजाचा शिरच्छेद झाला. राजकीय आणि धार्मिक कारणं होतीच, ती मी नाकारत नाही, पण सैन्य घरी पाठवायचं तर थकबाकी द्यायला पैसे नाहीत, आणि ठेवायचं तर दर महिन्याला कर हवा, या कोंडीतून पुढचं कुठलंच सरकार सुटलं नाही.

पगार वेळेवर झाला नाही की काय व्हायचं तेही सांगायला हवं. शिपाई लोकांच्या घरात मुक्काम ठोकायचे, खायचे-प्यायचे आणि जाताना एक चिठ्ठी देऊन जायचे की सरकार पैसे देईल. ते पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही. त्यामुळे खूप गावांना असेसमेंटच परवडायची, निदान किती जाणार ते माहीत असायचं.

राजा गेल्यावर असेसमेंट कमी होईल असं लोकांना वाटत होतं, ती उलट वाढली. १६४९ मध्ये महिन्याला ९०,००० पौंड आणि स्कॉटलंडच्या मोहिमेच्या वेळी १,२०,०००. हिशोब करून बघा, महिन्याला १,२०,००० म्हणजे वर्षाला १४ लाख ४० हजार, शिप मनीच्या सात पट, आणि एक्साइज, कस्टम्स म्हणजे बंदरावरची जकात, हे वेगळेच. ज्या शिप मनीवरून एवढं रामायण झालं तो याच्यापुढे किरकोळ वाटायला लागतो.

तरीही पुरेना म्हणून विकायला काढलं. बिशपांच्या जमिनी, राजघराण्याच्या जमिनी, राजाच्या बाजूने लढलेल्यांच्या जमिनी. शिपायांना थकबाकीच्या बदल्यात डिबेंचर म्हणजे कागद मिळाले, त्यावर राजाची जमीन घेता येणार होती, पण साध्या शिपायाला जमिनीआधी रोख हवी होती, घरी बायकापोरं उपाशी, मग त्याने तो कागद मिळेल त्या भावाला विकला आणि बरेचदा घेणारा त्याचाच अधिकारी असायचा. ज्यांनी लढाई मारली त्यांच्या हातात शेवटी काय आलं हे बघितलं की फार वाईट वाटतं. राजाचा चित्रसंग्रहही विकला गेला, त्यातून राजाच्या नोकरांची आणि सावकारांची देणी भागवायची होती आणि पहिले ३०,००० पौंड उसने म्हणून आरमाराला जाणार होते. राजवाड्याच्या प्लंबरचं बिल थकलं होतं, त्याला रोख पैशांऐवजी इटालियन मास्टर बस्सानोचं चित्र मिळालं!

आता आरमार. सैन्यावर सगळे बोलतात पण खर्चाच्या बाबतीत आरमाराने कमाल केली. राजकुमार रुपर्ट राजाच्या बाजूची जहाजं घेऊन इंग्लिश व्यापाराला त्रास देत होता, परदेशी सरकारं नव्या राजवटीला मान्यता द्यायला तयार नव्हती, त्यामुळे समुद्रावर ताकद दाखवणं भाग होतं. रॉबर्ट ब्लेक, रिचर्ड डीन आणि एडवर्ड पॉपहॅम या तीन कर्नलांना १६४९ मध्ये ‘जनरल ॲट सी’ म्हणजे आरमाराचे सेनापती केलं आणि थोड्याच वर्षांत ताफा दुपटीच्या वर गेला. १६५० मध्ये कस्टम्सवर १५ टक्के जादा लावले, व्यापारी जहाजांना युद्धनौकांचं संरक्षण द्यायचं म्हणून. हा कर व्यापाऱ्यांना तसा पटण्यासारखा होता, कारण पैसा कशाला जातोय ते डोळ्यांना दिसत होतं. पण १६५२ ते १६५४ च्या डच युद्धाने सगळा हिशोब मोडला. खलाशी मिळेनात म्हणून जानेवारी १६५३ पासून अनुभवी खलाशाचा पगार महिन्याला १९ शिलिंगवरून २४ शिलिंग केला, आणि तोही वेळेवर देता येईना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खलाशी लंडनच्या रस्त्यावर उतरले. जहाज बंदरात आलं की सगळ्यांचा हिशोब चुकता करावा लागतो, तेवढी रोकड नाही, म्हणून जहाज नुसतं चालू ठेवायचं आणि दर महिन्याला देणं आणखी वाढवून घ्यायचं, असा प्रकार.

एप्रिल १६५३ मध्ये सैन्याचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलने शिपाई आणून प्राइडने गाळून उरलेली पार्लमेंट घालवली आणि डिसेंबरमध्ये तो लॉर्ड प्रोटेक्टर म्हणजे राज्यप्रमुख झाला. जी लिखित राज्यघटना आली ती अधिकाऱ्यांनी बनवलेली, आणि तिच्यातलं २७ वं कलम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. १०,००० घोडदळ, २०,००० पायदळ आणि समुद्र राखायला पुरेशी जहाजं यांच्यासाठी कायमचं वार्षिक उत्पन्न, शिवाय मुलकी कारभाराला २ लाख पौंड, आणि प्रोटेक्टरच्या संमतीशिवाय पार्लमेंटने ते कमी करायचं नाही. म्हणजे सैन्याचा खर्च घटनेतच बसवून टाकला. प्रत्यक्षात सैन्य यापेक्षाही खूप मोठं होतं. १६५४ ची पार्लमेंट भरल्या भरल्या सैन्य ३०,००० वर आणा, असेसमेंट ६०,००० करा म्हणायला लागली. घटनेप्रमाणे पाच महिने तिला हात लावता येत नव्हता. क्रॉमवेलने शिपायांचा पगार ज्या २८ दिवसांच्या महिन्याने मोजतात तोच महिना धरला आणि २२ जानेवारी १६५५ ला पार्लमेंट बरखास्त केली.

त्याच वेळी जॉर्ज कोनीचं प्रकरण चालू होतं. हा व्यापारी. रेशमावरची कस्टम्स देणार नाही म्हणाला, कारण हा कर कुठल्या पार्लमेंटने मंजूर केलाय? ५०० पौंड दंड झाला, तोही दिला नाही म्हणून तुरुंगात. कोर्टात त्याच्या तीन वकिलांनी असा मुद्दा मांडला की तो मान्य केला तर सरकारचं सगळंच उत्पन्न बेकायदा ठरलं असतं, तर वकिलांनाच लंडनच्या टॉवरमध्ये म्हणजे तुरुंगात टाकलं आणि सरन्यायाधीश रोलने पद सोडलं. हॅम्पडेनने १८ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न हाच होता. राजाने हॅम्पडेनच्या वकिलांना निदान बोलू दिलं होतं.

मार्च १६५५ मध्ये राजाचा समर्थक पेनरडक याचं छोटंसं बंड झालं आणि मोडलंही गेलं, पण त्याचं निमित्त करून देशाचे भाग पाडून प्रत्येकावर मेजर-जनरल म्हणजे लष्करी अधिकारी बसवले. त्यांच्या नव्या घोडदळाचा खर्च राजाच्या जुन्या समर्थकांकडून काढायचा, वर्षाला १०० पौंडांच्या वर जमिनीचं उत्पन्न असेल तर दहावा हिस्सा. १६५२ मध्ये याच लोकांना कायदा करून माफी दिलेली होती, त्यातल्या कित्येकांचा बंडाशी काही संबंध नव्हता. शिवाय पैसे पुरलेच नाहीत, कारण १०० पौंडांच्या वरचे लोक कमी, मर्यादा ५० वर आणा अशी मेजर-जनरलांची मागणी होती ती मंजूर झाली नाही. २५ डिसेंबर १६५६ ला मेजर-जनरलांपैकीच एक असलेल्या डेस्बरोने हा कर पक्का करायचं विधेयक आणलं, २९ जानेवारीला ते १२४ विरुद्ध ८८ मतांनी पडलं, आणि मेजर-जनरलांचा कारभारही त्याबरोबर संपला.

१६५७ च्या नव्या घटनेत वर्षाला १३ लाख ठरले, १० लाख सैन्य-आरमाराला आणि ३ लाख कारभाराला, पण त्यातला काहीही जमिनीवरच्या करातून घ्यायचा नाही. असेसमेंट त्याशिवाय चालू राहिली, पण महिन्याला ३५,००० वर आली. जमीनदार खूश, पण स्पेनशी युद्ध चालू होतं, त्यामुळे तूट वाढतच गेली. सप्टेंबर १६५८ मध्ये क्रॉमवेल वारला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या मुलाला, रिचर्डला, वारशात कर्ज मिळालं, १६५९ च्या वसंतात ते २० लाखांच्या वर होतं. ज्या मुलाने कधी लढाई पाहिली नाही त्याच्यासाठी सैन्य बिनपगारी थांबणार नव्हतंच, मे मध्ये त्याला बाजूला केलं आणि १६५३ मध्ये घालवलेली पार्लमेंट परत बसवली.

मग शेवटचा घाव लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला. १६६० च्या सुरुवातीला शहराच्या कौन्सिलने सांगितलं, पूर्ण, म्हणजे सगळ्या जागा भरलेली पार्लमेंट बसेपर्यंत कर देणार नाही. सरकारने जनरल मंकला शहराचे दरवाजे तोडायला पाठवलं, त्याने तोडलेही, पण दोनच दिवसांनी तो शहराच्या बाजूला गेला, आणि मे मध्ये मारलेल्या राजाचा मुलगा चार्ल्स दुसरा परत आला. त्याला आणणारं जहाज क्रॉमवेलच्याच काळात बांधलेलं ८० तोफांचं ‘नेसबी’, नाव घाईघाईने ‘रॉयल चार्ल्स’ केलेलं.

जुनं सैन्य घरी पाठवायला नव्या पार्लमेंटला थकबाकी द्यावी लागली आणि तिच्यासाठी डोईपट्टी बसवावी लागली. एक्साइज मात्र कुणी काढला नाही, उलट राजाच्या जुन्या सरंजामी हक्कांच्या बदल्यात त्यातला अर्धा राजाला कायमचा देऊन टाकला. १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही आणि शांततेच्या काळात खडं सैन्यही नाही अशी दोन्ही कलमं आली. मग फ्रान्सशी युद्ध लागलं आणि जिल्ह्यांवर आकडा वाटून द्यायची असेसमेंटची पद्धत लँड टॅक्स म्हणून परत आली, या वेळी दरवर्षी पार्लमेंटमध्ये मंजूर होऊन.