ब्लॉक पद्धत (एका वेळी एकच विषय)

विद्यार्थ्याने एका वेळी एकच विषय घ्यायचा, साडेतीन-चार आठवडे फक्त तोच शिकायचा, परीक्षा देऊन तो हातावेगळा करायचा आणि मगच पुढच्या विषयाला हात घालायचा, अशी काही महाविद्यालयांतील अध्यापनाची रचना. ‘ब्लॉक’ म्हणजे एका विषयाला दिलेला सलग कालखंड. वर्षात साधारण आठ ब्लॉक बसतात. सेमिस्टरला चार याप्रमाणे दोन सेमिस्टरांत जेवढे विषय होतात, तेवढेच इथेही होतात. अभ्यासक्रम कमी झालेला नसतो. फरक एवढाच की विद्यार्थ्याच्या दिवसावर दुसऱ्या कुठल्याही विषयाचा हक्क उरत नाही. या पद्धतीचे गुण आणि तिच्या अडचणी, दोन्ही यातूनच निघतात.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील ओहायो राज्यात सायो या गावच्या महाविद्यालयाने एकोणिसाव्या शतकात ती राबवली होती, आणि काही काळ ‘वन स्टडी युनिव्हर्सिटी’ असे नावच लावले होते. त्याच राज्यातील हायरम महाविद्यालयाने १९३०च्या दशकात तिचा एक अवतार चालवला. पण आज या पद्धतीचे नाव निघाले की आठवते ते कोलोरॅडो स्प्रिंग्जचे कोलोरॅडो कॉलेज (स्थापना १८७४). शताब्दी जवळ आली होती. तेव्हाचे अध्यक्ष लॉइड वॉर्नर यांनी राज्यशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन ब्रुक्स यांच्यावर पुढच्या काळाचा आराखडा करण्याचे काम सोपवले. ब्रुक्स सहकाऱ्यांना भेटत, त्यांच्या तक्रारी ऐकत फिरले. मला पंधरा विद्यार्थी द्या आणि त्यांच्याबरोबर निवांत काम करू द्या, अशा अर्थाचे एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचे बोलणे त्यांच्या मनात रुतले, असे सांगतात. भरपूर वादावादीनंतर प्राध्यापकांनी बहुमताने योजना स्वीकारली आणि १९७० पासून ती लागू झाली.

तिथला ब्लॉक सोमवारी सुरू होतो आणि चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी संपतो. वर्गात सहसा २५ पेक्षा जास्त विद्यार्थी घेत नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास वर्ग भरतो, दुपारपर्यंत चालतो, आणि उरलेला दिवस वाचन, प्रयोगशाळा, लेखन यांत जातो. बुधवारी पेपर दिला की सुट्टी. चार-साडेचार दिवस परिसर ओस पडतो, बरीच मुले पाठीवर पिशव्या टाकून रॉकी पर्वताकडे निघतात. सोमवारी सकाळी नवा वर्ग, नवे प्राध्यापक, नवी पुस्तके. आदल्या बुधवारपर्यंत डोक्यात घोळणारा विषय तोवर मागे पडलेला असतो.

या रचनेचा खरा फायदा वर्गाबाहेर पडल्यावर कळतो. दुपारी तीनला दुसऱ्या कुणाचा तास नसल्यामुळे भूशास्त्राचा अख्खा वर्ग आठवडाभर डोंगरात मुक्काम ठोकू शकतो आणि खगोलशास्त्राचा वर्ग रात्री भरवता येतो. क्रेस्टोन इथे, सान लुइस खोऱ्याच्या कडेला, कॉलेजचे दुसरे केंद्रच आहे. अनेक वर्ग ब्लॉकमधले काही दिवस तिथे जाऊन राहतात.

आयोवा राज्यातील माउंट व्हर्नन गावच्या कॉर्नेल कॉलेजने १९७८ मध्ये हाच मार्ग धरला. (न्यूयॉर्क राज्यातल्या प्रसिद्ध कॉर्नेल विद्यापीठाशी याची गल्लत होते. वास्तविक हे कॉलेज १८५३ चे, म्हणजे त्या विद्यापीठाहून बारा वर्षांनी वडील.) इथे एक विषय अठरा दिवसांत पुरा होतो. आयोवातच फेअरफिल्डला महर्षी महेश योगी यांनी स्थापलेल्या विद्यापीठातही एका वेळी एकच विषय शिकवतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातले ओळखीचे काही हवे असेल तर एमबीबीएसची क्लिनिकल पोस्टिंग आठवावी : काही आठवडे मेडिसिन, मग सर्जरी, मग स्त्रीरोग. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच, कारण तिथे वॉर्डातून सुटल्यावर दुपारी इतर विषयांची लेक्चर्स असतातच.

अडचणीही थोड्या नाहीत. पंधरा आठवड्यांचे सेमिस्टर अठरा दिवसांत बसवले की एक दिवस म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा अभ्यास. तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळलेला विद्यार्थी अडीच आठवडे मागे पडतो. आठशे पानांची कादंबरी तीन दिवसांत वाचून होते, पण मुरत नाही. गणित आणि परभाषा यांच्याबाबत तर आक्षेप फार जुना आहे : सप्टेंबरमध्ये फ्रेंचचा पहिला भाग केला आणि दुसरा फेब्रुवारीत मिळाला, तर मधल्या काळात क्रियापदे कुठल्या कुठे जातात. म्हणून काही विषयांना लागोपाठ दोन ब्लॉक देतात. जीवशास्त्रात पेरलेले बी काही ब्लॉकचे वेळापत्रक पाहून उगवत नाही. प्राध्यापकांचीही दमछाक होते. ब्लॉक चालू असताना संशोधनाला सवड नसते, आणि एका वर्गाचे पेपर तपासून होतात न होतात तोच दुसरा वर्ग समोर बसलेला असतो.

बहुतेक उदाहरणे छोट्या, खासगी आणि महागड्या संस्थांची असल्यामुळे हे श्रीमंतांचे लाड आहेत अशी टीका होई. मोंटाना राज्यातल्या डिलन गावचे मोंटाना वेस्टर्न हे सरकारी विद्यापीठ २००५ च्या सुमारास या पद्धतीवर आले, तेव्हा त्या टीकेची धार कमी झाली. कॅनडात मात्र पद्धत होती आणि पैसा नव्हता. स्क्वामिश इथले क्वेस्ट विद्यापीठ २००७ मध्ये सुरू झाले आणि आर्थिक ओढाताणीत २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथले वर्ग थांबले.

सर्वांत मोठा प्रयोग मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचा. घरातून विद्यापीठात जाणारी पहिलीच पिढी, शिकताना नोकरी करणारी मुले, असा तिथला मोठा विद्यार्थिवर्ग. २०१८ मध्ये विद्यापीठाने पहिल्या वर्षाचे सगळे विषय चार-चार आठवड्यांच्या ब्लॉकमध्ये बसवले, मोठ्या सभागृहातली व्याख्याने काढून छोटे वर्ग केले, आणि नंतर पुढच्या वर्षांनाही तीच घडी लावली. वर्ग आठवड्यातून तीनच दिवस, दर वेळी तीन तास. नापास झालाच तर एकच विषय राहतो, एकदम चार नाहीत.