अमेरिकेत डॉक्टरांचं लायसन्स: मानसिक उपचार अर्जात लिहावे लागतात का?

इथून एमबीबीएस करून रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अमेरिकेला निघालेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो, पण चारचौघांत तो कुणी विचारत नाही. कॉलेजात असताना नैराश्यावर गोळ्या घेतल्या, काही काळ समुपदेशन घेतलं. आता हे लायसन्सच्या अर्जात लिहायचं का?

सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, कारण तिथे देशभराचं एकच लायसन्स नसतं. प्रत्येक राज्याचं मेडिकल बोर्ड वेगळं आणि अर्जातले प्रश्नही वेगळे. त्यामुळे ‘सिनियरने काय लिहिलं’ याला फारसा अर्थ नाही. त्याचं राज्य दुसरं असू शकतं, किंवा मधल्या काळात अर्ज बदललेला असू शकतो.

सगळी मेख प्रश्नाच्या शब्दांत असते. ‘कधीही निदान किंवा उपचार झाले आहेत का’ असं विचारलं असेल, तर जुन्या गोष्टीही त्यात येतात. ‘योग्य उपचार सुरू नसलेला आणि कामावर परिणाम करणारा आजार सध्या आहे का’ असं विचारलं असेल, तर औषधं घेऊन नीट काम करणारा डॉक्टर प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहू शकतो. राज्यांच्या बोर्डांचा महासंघ, म्हणजे एफएसएमबी, याने 2018 मध्ये या दुसऱ्या धर्तीच्या प्रश्नाची शिफारस केली. शारीरिक आणि मानसिक आजारांत भेद करू नये, हेही त्यात आलं. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला मनाई करणारा 1990 चा कायदा याच बाजूचा आहे.

न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी एप्रिल 2020 मध्ये आत्महत्या केली. उपचार घेतल्याचं कळलं तर लायसन्स जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. खरं तर न्यूयॉर्कच्या अर्जात हा प्रश्नच नव्हता! त्यानंतर बऱ्याच बोर्डांनी आपले प्रश्न बदलले. 2022 मध्ये त्यांच्या नावाने झालेला केंद्रीय कायदा मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांना निधी देतो. लायसन्सचे प्रश्न तो ठरवत नाही.

परदेशी पदवीधरांना पूर्ण लायसन्ससाठी साधारणपणे ईसीएफएमजी प्रमाणपत्र (परदेशी वैद्यकीय पदवीधरांना पात्रता तपासून मिळणारं), यूएसएमएलई या लायसन्सच्या परीक्षेच्या तिन्ही स्टेप्स आणि राज्याने ठरवलेली रेसिडेन्सीची वर्षं लागतात. अनेक राज्यांत रेसिडेन्सीच्या सुरुवातीलाच ट्रेनिंग लायसन्सचा, म्हणजे प्रशिक्षणापुरत्या लायसन्सचा, अर्ज भरावा लागतो, म्हणजे हा प्रश्न तिथेच समोर येऊ शकतो. उत्तर ‘हो’ असेल तर साधारणपणे स्वतःचं लेखी स्पष्टीकरण आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, आपण काम करण्यास सक्षम असल्याचं पत्र मागतात. काही ठिकाणी उपचारांच्या नोंदीही मागतात. नुसत्या ‘हो’मुळे अर्ज फेटाळला जातो असं नाही, पण वेळ जास्त लागू शकतो. काही राज्यांत डॉक्टरांसाठीच्या मान्यताप्राप्त आरोग्य कार्यक्रमात असलेल्यांना ‘नाही’ लिहिण्याची मुभा असते. तशी सूचना अर्जातच दिलेली असते.

विचारलंय तेवढंच लिहा, पण खोटं लिहू नका. आजारापेक्षा खोटं उत्तर जास्त महागात पडतं, कारण अर्जातली खोटी माहिती हे स्वतंत्रपणे कारवाईचं कारण ठरतं. शंका असेल तर सही करण्याआधी लायसन्सची कामं करणाऱ्या वकिलाला अर्ज दाखवा.

रुग्णालयाचे प्रिव्हिलेजेस (तिथे रुग्णांवर उपचार करण्याची परवानगी) आणि व्यावसायिक विमा (उपचारांतल्या चुकांच्या दाव्यांसाठीचा) यांचे अर्ज वेगळे असतात आणि त्यांतले प्रश्न लायसन्सच्या अर्जापेक्षा जुन्या वळणाचे असू शकतात. तेही तितक्याच काळजीने वाचा. भारतात उपचार झाले असतील तर निघण्यापूर्वीच आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह इंग्रजी पत्र घेऊन ठेवा. तिथून मागवायला फार वेळ जातो.