फाटलेला सातबारा आणि चुकीचा फेरफार

‘उन्हाने म्युटेशन होतं.’ ‘सिगारेटच्या धुराने म्युटेशन होतं.’ ‘वयाबरोबर म्युटेशनं साठत जातात, म्हणून माणूस म्हातारा होतो.’ आरोग्यावरच्या लेखांत ही तीन वाक्यं एका दमात येतात आणि वाचणारा मान डोलावून पुढे जातो. पहिल्या दोन वाक्यांत एक पायरी गाळलेली आहे. ते एकवेळ चालवून घेऊ. तिसऱ्यात तीच पायरी गाळल्यामुळे निष्कर्षच भलतीकडे गेला आहे.

ती पायरी म्हणजे डीएनएला होणारी इजा.

म्युटेशनबद्दल फार सांगत बसत नाही. डीएनएचा मजकूर ज्यांत लिहिलेला असतो त्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा क्रम बदलला, एखादं अक्षर गळलं किंवा वाढलं, की ते म्युटेशन. शाळेच्या पुस्तकातलं उत्परिवर्तन ते हेच. कोविडच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला.

इजा मात्र कुणी नीट शिकवत नाही. इजा म्हणजे डीएनएच्या रेणूची रासायनिक मोडतोड. अक्षर जागेवरून निखळतं, शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, अक्षरावर परका रेणू येऊन बसतो, धागाच तुटतो. त्यासाठी ऊन किंवा धूर लागतोच असं नाही. शरीराच्या उबेत, पाण्यात नुसतं राहिल्यानेच माणसाच्या एकेका पेशीत रोज अंदाजे १०,००० ठिकाणी ए किंवा जी निखळून पडतं. टोमास लिंडाल यांनी हे दाखवलं तेव्हा कळलं, की दुरुस्ती चालू नसती तर डीएनए टिकलाच नसता. या दुरुस्तीच्या अभ्यासासाठी त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सान्जार यांच्यासोबत २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हाच आकडा ‘पेशीत रोज दहा हजार म्युटेशनं’ असा छापलेला दिसला की पेपर घडी घालून ठेवावासा वाटतो. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या मूळपेशींत (नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींत) म्युटेशनं प्रत्यक्ष मोजली आहेत. एका पेशीत वर्षाला साधारण ४७. इजा रोज हजारोंनी, म्युटेशनं वर्षाला पन्नासाच्याही आत. दोन्ही एकच असत्या तर हा हिशेब जुळलाच नसता.

आता मुख्य मुद्दा. तो समजायला आपल्याकडचं एक जुनं, हाताने लिहिलेलं दफ्तर फार उपयोगी आहे. सातबारा फाटला, त्याला वाळवी लागली, त्यावर चहा सांडला, तर तलाठ्यालाच काय, पाहणाऱ्या कुणालाही कळतं की कागद खराब झाला. दुसरी प्रत काढा, तिच्यावरून नवा लिहा, काम संपलं. पण सहा नंबरच्या नोंदवहीत चुकीचा फेरफार पडला, तुमच्या चुलत्याचं नाव गळून भलत्याचंच लागलं, तर कागद कोरा करकरीत असतो, अक्षर वळणदार असतं, शिक्काही बरोबर असतो. कागदाकडे बघून चूक कळणार कशी? या फेरफार नोंदीला इंग्रजीतला महसुली शब्द म्युटेशन हाच आहे. मला तरी उत्परिवर्तनापेक्षा फेरफार हाच शब्द आवडतो. शिवाय प्रत्येक फेरफार चुकीचा नसतो, हेही त्यात आपोआप येतं.

पेशीचंही तसंच. इजा झालेलं अक्षर डीएनएत शोभत नाही, म्हणून ते ओळखू येतं. डीएनएला दोन धागे असतात, एसमोर टी आणि सीसमोर जी अशी जोडी ठरलेली. एक बिघडला तर समोरच्यावरून खरा मजकूर लावता येतो. म्युटेशन झाल्यावर दोन्ही धागे एकमेकांशी जुळतात, चारही अक्षरं अस्सल असतात. दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला तिथे बिघडलेलं काही दिसतच नाही. इजा दुरुस्त होते, म्युटेशन दुरुस्त होत नाही. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. (‘डीएनए रिपेअर’ करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीत म्युटेशन पुसून टाकल्याचं सुचवलेलं असेल, तर ती डबी खाली ठेवा.)

मग इजेचं म्युटेशन होतं कधी? दुरुस्तीच्या आधी नक्कल काढली गेली तर. सी या अक्षराचा एक भाग पाण्यामुळे गळतो आणि त्याचा यू होतो. यू हे आरएनएचं, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचं अक्षर, डीएनएत त्याला जागा नाही. त्यामुळे ते ताबडतोब पकडलं जातं. ही इजा. पण त्याआधीच पेशी विभागायला निघाली, तर नक्कल करणारं यंत्र यूला टी समजून समोर ए बसवतं आणि पुढच्या फेरीत त्या एसमोर टी येतो. जिथे सी-जी होतं तिथे आता टी-ए. फेरफार मंजूर.

यात एक खोच आहे. काही सींवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची टोपी असते. अशा सीचा तोच भाग गळला तर यू होत नाही, थेट टी होतो. टी तर डीएनएचंच अक्षर! समोर अजून जी असल्यामुळे जोडी विजोड दिसते, म्हणून हेही पकडलं जातं, पण यूइतक्या खात्रीने नाही. अशा जागी सीचे टी जास्त का झालेले दिसतात आणि वयाबरोबर ते घड्याळासारखे का वाढतात, याचं उत्तर इथे आहे.

हा फरक शब्दांचा कीस पाडण्यापुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. त्याने आजार बदलतात. दोन दुर्मीळ आजार शेजारी ठेवून बघा. दोन्हींत उन्हाने झालेली इजा नीट दुरुस्त होत नाही, दोन्हींत मुलांना ऊन सोसत नाही. पहिला झीरोडर्मा पिग्मेंटोसम. त्यात दुरुस्ती बिघडलेली असते हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. या रुग्णांना विशीच्या आत मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण लोकांच्या सुमारे १०,००० पट असतो. दुसरा कॉकेन सिंड्रोम, लंडनच्या एडवर्ड कॉकेन यांनी १९३६ मध्ये वर्णन केलेला. यात मुलांची वाढ खुंटते, ऐकू येणं कमी होतं, डोळ्यांचा पडदा खराब होतो, चरबी जाते, चेहरा म्हाताऱ्यासारखा ओढलेला दिसतो. नेहमीच्या प्रकारात बहुतेकांचं आयुष्य पहिल्या-दुसऱ्या दशकातच संपतं. आणि त्वचेचा कर्करोग? तो वाढलेला दिसत नाही.

इजा तीच, ऊन तेच, मग असं का? कारण दुरुस्तीच्या या यंत्रणेला दोन दारं आहेत. एक पथक सगळ्या डीएनएवर गस्त घालतं. दुसरं फक्त जिथे जनुकाचं वाचन, म्हणजे त्यावरून आरएनए उतरवणं, चालू आहे तिथे जातं. वाचणारं यंत्र इजेवर अडकून पडलं की ते धावून येतं. झीरोडर्माच्या एका प्रकारात (एक्सपी-सी) गस्त बंद असते, पण अडकलेलं वाचन सुटतं. पेशी जगते, विभागते आणि न वाचलेल्या भागातल्या इजेची चुकीची नक्कल काढत राहते. म्युटेशनं साठतात, कर्करोग होतो. कॉकेनमध्ये उलट. गस्त चालू, पण वाचन अडकलं की अडकलंच. पेशी काम सोडते किंवा मरते. मेलेल्या पेशीचा कर्करोग होत नाही, पण त्या पेशींवाचून मेंदू, कान, डोळे झिजत जातात. काही जनुकं दोन्ही दारांना लागतात, म्हणून दोन्ही आजारांची लक्षणं एकत्र असलेले रुग्णही सापडतात. झीरोडर्माच्या साधारण चौथाई रुग्णांत मेंदूही झिजतो, तो मुख्यतः दोन्ही दारं बिघडलेल्या प्रकारांत.

म्हणून तिसऱ्या वाक्यावर माझा आक्षेप. म्हातारपण म्हणजे पेशींत साठत गेलेले दोष, ही कल्पना जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती १९५९ मध्ये मांडली होती. पण काही माणसांत डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमची चुका तपासण्याची क्षमता जन्मतःच अधू असते. त्यांच्या पेशींत म्युटेशनं कितीतरी जास्त साठतात. आतड्याचा कर्करोग त्यांना लवकर होतो, पण त्यांचं म्हातारपण लवकर आलेलं दिसत नाही. आता हे कॉकेनच्या मुलांशेजारी ठेवा. नुसती म्युटेशनं वाढली तर कर्करोग, आणि इजा वाचनाच्या आड आली तर अकाली झीज.

याला उत्तर म्हणून हमखास उंदीर पुढे केला जातो. १६ सस्तन प्राण्यांत मोजणी झाली, २०२२ मध्ये. जितकं आयुष्य कमी तितका म्युटेशनचा वेग जास्त निघाला. उंदरात वर्षाला सुमारे ८००, आपल्यात ४७. आकडे मला मान्य आहेत. पण ज्याची दुरुस्ती चांगली त्याच्याकडे इजाही कमी उरणार आणि म्युटेशनंही. त्यातल्या कोणत्या एकीने म्हातारपण आणलं, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

म्हणजे म्हातारपणात म्युटेशनं निर्दोष ठरतात का? तसंही नाही. सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या निदान एकाच्या रक्तात फेरफार झालेल्या एकाच मूळपेशीचा गोतावळा माजलेला सापडतो आणि अशांना हृदयविकाराचा धोका वाढतो. मेंदूच्या पेशी विभागत नसूनही त्यांच्यात वयाबरोबर म्युटेशनं जमतात. इजा दुरुस्त करतानाही चुका होतात, हे त्याचं एक कारण.

   

कॅन्सरच्या वॉर्डात मात्र इजा आणि म्युटेशन यांतला हा फरक रोज वापरला जातो. सिस्प्लॅटिन हे औषध शेजारच्या दोन जींना बांधून टाकतं. ती मुद्दाम केलेली इजा. भराभर नकला काढायला निघालेली कर्करोगाची पेशी तिच्यावर अडखळून मरते. मुलांना हे औषध दिलं तर पुष्कळांचं ऐकणं कमी होतं, कारण कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आणि ज्या एखाद्या निरोगी पेशीने ती इजा घेऊनही नक्कल काढली, तिच्यातून क्वचित कधी वर्षांनंतर रक्ताचा कर्करोग उभा राहतो.