लवासाचा वाद : हजार मीटरची रेषा कुठून आली?

पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यात उभ्या राहिलेल्या लवासा या खासगी गिरिस्थानाला (हिल स्टेशनला) झालेल्या विरोधाची गोष्ट बहुतेक जण २५ नोव्हेंबर २०१० पासून सांगतात, कारण त्या दिवशी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस निघाली. खोऱ्यातल्या माणसांसाठी ती बरीच जुनी आहे. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला तो १९२१ मध्ये. पुढे मोसेवर वरसगावचं धरण आलं, नदीकाठची भातखाचरं बुडाली आणि मागे राहिलेली घरं चढावर सरकली. तेच चढ नंतर 'गिरिस्थान' ठरले.

१९९६ मध्ये राज्याने खासगी गिरिस्थानांसाठी खास विकास नियम आणले. जून २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातली १८ गावं त्याखाली आली. धरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी १४१ हेक्टर २००२ मध्ये भाडेपट्ट्याने प्रकल्पाकडे गेली. धरणाच्या नावाने सोडलेली जमीन बंगल्यांकडे जाते, हे खोऱ्याला सर्वांत जास्त लागलं.

कोर्टकचेरीत मात्र सगळं अडलं ते उंचीवर. १९९४ च्या केंद्राच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर, ५ कोटींहून अधिक गुंतवणुकीचा पर्यटन प्रकल्प असेल तर दिल्लीची परवानगी लागायची. प्रकल्पातलं दासवे हे गाव तळ्याकाठी साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, भोवतीच्या डोंगरधारा त्याच्या कितीतरी वर. मग उंची मोजायची कुठली, इमारतीच्या पायाची की प्रकल्पाच्या हद्दीतल्या सर्वांत उंच कड्याची? प्रकल्पाचं म्हणणं, बांधकाम हजाराच्या खाली आहे, मार्च २००४ ची राज्याची मंजुरी पुरेशी आहे. विरोधकांचं म्हणणं, डोंगर म्हणून सवलती घेतल्या, तर मोजतानाही डोंगरच धरा. मला विरोधकांचं पटतं. त्यातून जुलै २००४ ची दुरुस्ती आणि २००६ ची नवी अधिसूचना आल्यावर उंचीचा मुद्दाच मागे पडला होता, कारण मोठ्या वसाहतींना आकारमानावरच परवानगी लागू झाली. तरी युक्तिवाद वर्षानुवर्षं त्या एका रेषेभोवती फिरत राहिला.

पाणी ही रेषा मानत नाही. साडेसहाशे मीटरवरचा उतार जेसीबीने कापला तरी जूनच्या पहिल्या जोरदार सरींत तांबडी माती ओढ्याने जलाशयात उतरते, आणि ते पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येतं.

जानेवारी २०११ मध्ये केंद्राने बांधकाम परवानगीविना झाल्याचं नोंदवलं, पण दार बंद केलं नाही. राज्याने आधी कारवाई करावी, ही एक अट होती. नोव्हेंबरमध्ये राज्याकडून कंपनीवर खटला दाखल झाला आणि त्याच महिन्यात पहिल्या २००० हेक्टरना सशर्त मंजुरी मिळाली. आधी बांधा, मग परवानगी घ्या, हा पायंडा इथे पडला, असं विरोधक मानतात.

पुढचं थोडक्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरं घेतलेले आणि जमीन दिलेले, दोघेही अडकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पासाठी राजकीय प्रभाव वापरल्याच्या आक्षेपांत तथ्य असल्याचं म्हटलं. पण प्रकल्पाविरुद्धची याचिका फार उशिरा आली, तोवर बांधकाम उभं राहिलं होतं, म्हणून हस्तक्षेप केला नाही.